दोन लाख मैलांनंतरचा सायलेन्सर

दोन लाख मैल पार केलेल्या प्रियसच्या पोटाखालून घरघर येऊ लागते. गॅरेजवाला गाडी लिफ्टवर चढवतो, टॉर्च मारून बघतो आणि एस्टिमेटचा कागद पुढे करतो: पूर्ण एक्झॉस्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, दोन-अडीच हजार डॉलर. गाडी विकायला काढली तर येतील तेही साधारण तेवढेच. मग घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, एवढे पैसे घालायचे तर नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला घालू. दुसऱ्याचं म्हणणं, इंजिन ठणठणीत आहे, गॅलनला अजून पंचेचाळीस मैल देते, हिला काढायची कशाला?

मला विचाराल तर दोघांचाही हिशेब एकाच ठिकाणी अडतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघायची आपल्याला सवय असते, पण विक्रीची किंमत ही विकणाऱ्याच्या कामाची. गाडी वापरायची असेल तर प्रश्न वेगळे आहेत. या पैशात आणखी किती महिने मिळतील? आणि एक्झॉस्ट दुरुस्त झाल्यावर गाडीत पुढचं काय जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न शोधता पहिल्याचं मिळत नाही, आणि एस्टिमेटच्या कागदावर यातलं एकही नसतं.

हा लेख मुख्यतः अमेरिकेतल्या वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. तिथे २००४ ते २००९ ची दुसऱ्या पिढीची प्रियस आणि २०१० ते २०१५ ची तिसऱ्या पिढीची प्रियस अजून रस्त्यावर भरपूर दिसते. नोकरीच्या सुरुवातीला घेतलेली, मग घरातली दुसरी गाडी झालेली आणि आता मुलाला कॉलेजसाठी दिलेली अशी ही गाडी असते. जुनी कॅमरी हायब्रिड किंवा सिव्हिक हायब्रिड असेल तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

“एक्झॉस्ट गेला” म्हणजे नेमकं काय गेलं

हे आधी विचारून घ्या, कारण हा एक सुटा भाग नाही, साखळी आहे. इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, मग पुढचा पाइप आणि त्यातच कन्व्हर्टर, मग स्प्रिंगचे बोल्ट आणि गोल गास्केट असलेला जोड, मधला पाइप, आणि शेवटी आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो मफलर. सगळं रबरी हँगरवर लोंबकळत असतं, आणि वर पातळ पत्र्याच्या हीट शील्ड असतात. यातला कन्व्हर्टर सोडला तर बाकी सगळं तुलनेनं स्वस्त आहे. गास्केट आणि स्प्रिंग-बोल्टचा संच थोड्याच डॉलरांत येतो. हीट शील्डचा बोल्ट गंजून तुटला की पत्रा खुळखुळतो आणि आवाज असा येतो की गाडी संपली असं वाटावं. मोठ्या वॉशरनं किंवा स्टीलच्या क्लॅम्पनं तो पाव तासात गप्प होतो.

सर्वांत जास्त फसगत फ्लँजपाशी होते. पाइप आणि मफलर चांगले असतात, पण दोन पाइप जोडणारी चकती गंजून तिचा भुगा झालेला असतो. डीलरकडे गेलात तर तो चकती विकत नाही, अख्खा पाइप विकतो, कारण त्याच्या पार्ट्सच्या यादीत तेवढाच नंबर असतो. तेच काम फक्त सायलेन्सरची कामं करणाऱ्या जुन्या छोट्या दुकानात नेलं, तर तिथला माणूस दोन अर्धुकांची दुरुस्तीची फ्लँज बसवतो किंवा गंजका तुकडा कापून नवा वेल्ड करतो. म्हणून मोठा आकडा आला की पहिलं काम हेच: वेल्डिंग करणाऱ्या सायलेन्सरवाल्याकडून दुसरा भाव घ्या. “कुठे फुटलाय ते दाखवा” म्हणा, आणि लिफ्टखाली स्वतः जाऊन बघा. प्रामाणिक माणूस आनंदानं दाखवतो.

गळती कुठे आहे ते शोधायला डोळा पुरतोच असं नाही. चांगल्या दुकानात धूर सोडायचं यंत्र असतं. टेलपाइपमधून हलक्या दाबानं धूर सोडला की फट आपोआप दिसते. घरी करायचं तर इंजिन पूर्ण गार असताना, गाडी बंद ठेवून, व्हॅक्यूम क्लीनरची हवा टेलपाइपमध्ये सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे येतील तिथे फट. मफलरच्या तळाशी एक बारीक भोक असतं आणि तिथेही फेस येईल. ते गंजाचं भोक नव्हे. पाणी निघून जावं म्हणून कारखान्यातूनच दिलेलं असतं, ते बुजवू नका.

त्या भोकाचं महत्त्व हायब्रिडमध्ये जास्तच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात एक्झॉस्टमध्ये जातं. साध्या गाडीत अर्ध्या तासाच्या प्रवासात अख्खा पाइप तापतो आणि वाफ बाहेर पडते. हायब्रिडमध्ये इंजिन सिग्नलला बंद, उतारावर बंद, पार्किंग लॉटमध्ये बंद. मागचा मफलर पुरता तापतच नाही आणि पाणी आत साचतं. रोज दोन-तीन मैलांवर मुलांना सोडून परत येणारी प्रियस म्हणूनच आतून गंजते, आणि रोज चाळीस मैल हायवेनं जाणारी, तिच्या दुप्पट मैल झालेली प्रियस मागून चांगली निघते. त्यात न्यू जर्सी, मिशिगन, शिकागो अशा ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तेव्हा गंज बाहेरूनही लागतो.

मिठाच्या प्रदेशात राहत असाल तर एक्झॉस्टवर एक डॉलरही घालण्याआधी, गाडी लिफ्टवर आहे तोवर आणखी चार ठिकाणी टॉर्च मारायला सांगा: ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, जॅक लावायच्या जागा आणि पुढची सबफ्रेम. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि पत्रा आत गेला, तर चर्चा तिथेच संपते. त्या गाडीला नवा एक्झॉस्ट घालू नये.

कन्व्हर्टर मरत नाही, मारला जातो

खरा पैसा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, पार्ट्सच्या दुकानात कोड वाचून देतात: पी ०४२०. अर्थ एवढाच की कन्व्हर्टर अपेक्षेइतकं काम करत नाही असा गाडीच्या संगणकाचा अंदाज. हा अंदाज तो कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या सेन्सरवरून बांधतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर राहतं. तो निकामी झाला की ते ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होऊ लागतं. वीस-तीस डॉलरचा ओबीडी रीडर आणि फोन असला की हे तुम्हाला स्वतः बघता येतं.

पण त्याच कोडमागे साधी फटही असू शकते. सेन्सरच्या जवळचं गास्केट गेलं असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि दोष कन्व्हर्टरच्या माथी बसतो. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी गळती, मग सेन्सरची खरी मोजणी, मग कन्व्हर्टर. “सेन्सर बदलून बघू” हा सल्ला मी सहसा मानत नाही. सेन्सर बिघडला तर बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा वेगळा कोड येतो.

समजा गळती नाही आणि कन्व्हर्टरच गेला आहे. आता विचारा: का गेला? आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा नुसत्या वयानं सहसा संपत नाही. इंजिन तेल जाळत असेल तर तेलातलं फॉस्फरस आणि जस्त त्या मुलाम्यावर बसत जातं. हेड गास्केटमधून कूलंट आत झिरपत असेल तर त्यातले क्षार बसतात. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. (चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नसून लुकलुकत असेल, तर हेच चाललं आहे, गाडी बाजूला घ्या.) मूळ रोग तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेनं जाणार, फक्त या वेळी लवकर.

म्हणून कन्व्हर्टरची ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, तेल. दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक पुसून बघा आणि लिहून ठेवा. तिसऱ्या पिढीच्या, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांमध्ये पिस्टन रिंगांमुळे तेल जळण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. दुसऱ्या पिढीच्या गाड्याही या वयात तेल पितात. हजार-बाराशे मैलांत एक क्वार्ट जात असेल तर महागडा कन्व्हर्टर घेण्याचा विचार सोडून द्या. दोन, कूलंट. इंजिनची टाकी आणि इन्व्हर्टरची टाकी वेगळी असते. इंजिनच्या टाकीवर खूण करा. खाली डाग नाही आणि पातळी मात्र हळूहळू उतरते आहे, शिवाय सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना गाडी काही सेकंद थरथरते, तर तिसऱ्या पिढीत संशय सरळ हेड गास्केटवर घ्यावा. या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात ईजीआरचा कूलर काजळीनं तुंबतो आणि हेड गास्केट जाण्याचं प्रमाण लक्षात येण्याइतकं आहे. ही सकाळची थरथर अनेक जण “सायलेन्सर हलतोय” म्हणून सोडून देतात. पत्र्याचा खुळखुळाट आणि इंजिनाची थरथर यातला फरक ओळखायला शिका: पहिला आवाज ऐकू येतो, दुसरी सीटमध्ये जाणवते.

तुंबलेला कन्व्हर्टर हायब्रिडमध्ये उशिरा कळतो, हेही लक्षात असू द्या. साध्या गाडीत ताकद गेली की चालवणाऱ्याला लगेच समजतं. इथे इंजिन कमी पडलं की इलेक्ट्रिक मोटर भर घालते आणि झाकून नेते. खूण अशी की नेहमीच्या चढावर बॅटरीचे बार पूर्वीपेक्षा भराभर उतरतात आणि मायलेज घसरतं. बिचारी बॅटरी बदनाम होते. पुढच्या सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून दाब मोजता येतो. २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर दाब असेल तर वाट अडली आहे असं समजतात.

कन्व्हर्टर जागेवरच नसेल तर

सकाळी गाडी सुरू केली आणि ट्रॅक्टरसारखा आवाज आला, तर काही शोधत बसू नका. रात्रीतून कोणीतरी कन्व्हर्टर कापून नेला आहे. दुसऱ्या पिढीची प्रियस चोरांची विशेष लाडकी, कारण तिच्या कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू जास्त असतात. २०२१ च्या वसंतात ऱ्होडियमचा भाव औंसाला २५,००० डॉलरच्या वर गेला होता आणि तेव्हा या चोऱ्यांना ऊत आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं देशभर पसरलेल्या एका टोळीवर खटले भरले. न्यू जर्सीतले खरेदीदारही त्यात होते आणि ५४ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या जप्तीची मागणी केली गेली. त्यानंतर धातूंचे भाव उतरले आणि अनेक राज्यांनी कायदे कडक केले. कॅलिफोर्नियात २०२३ पासून कोणाही वाटसरूकडून जुना कन्व्हर्टर विकत घेता येत नाही.

इथे निर्णय तुमच्या विम्याच्या कागदावर आहे. चोरी भरून मिळते ती कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरमधून, डिडक्टिबल वजा करून. जुनी गाडी म्हणून तुम्ही फक्त लायबिलिटी ठेवली असेल तर एक पैसाही मिळत नाही. जुन्या प्रियसला कोलिजन काढून टाकणं मला पटतं. कॉम्प्रिहेन्सिव्ह काढणं पटत नाही, कारण त्याचा हप्ता सहसा थोडाच असतो. मात्र दुरुस्तीचा आकडा फार मोठा झाला तर कंपनी गाडी टोटल करते, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची किंमत हातात ठेवते. गाडी ठेवायची असेल तर एस्टिमेट देतानाच गॅरेजशी बोला आणि अॅडजस्टरला विचारा की मान्यताप्राप्त आफ्टरमार्केट कन्व्हर्टर चालेल का. नवा बसवल्यावर खालून लावायची अॅल्युमिनियमची किंवा स्टीलची ढालही त्याच दिवशी लावून घ्या. चोर पुन्हा त्याच गल्लीत येतात.

कोणता कन्व्हर्टर, हे राज्य ठरवतं

तुमचं राज्य कोणतं, यावर हजार डॉलरचा फरक पडतो. कॅलिफोर्नियात आफ्टरमार्केट कन्व्हर्टरला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मान्यता लागते. त्यावर मान्यतेचा क्रमांक कोरलेला असतो आणि स्मॉग चेकचा माणूस खाली वाकून तो बघतो. न्यूयॉर्क, कोलोरॅडो आणि मेन यांनीही तोच नियम घेतला आहे. भंगारातला जुना कन्व्हर्टर बसवणं कॅलिफोर्नियात बेकायदेशीर आहे. इतरत्र फेडरल नियमांचा स्वस्त कन्व्हर्टर चालतो, पण आधी बॉनेटखालचं स्टिकर वाचा: गाडी कोणत्या मानकासाठी प्रमाणित आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

फेडरल नियमाप्रमाणे नव्या आफ्टरमार्केट कन्व्हर्टरच्या सांगाड्याला ५ वर्षं किंवा ५०,००० मैल आणि कामगिरीला २५,००० मैल हमी द्यावी लागते. दोन आकड्यांतला हा फरक विक्रेता स्वतःहून सांगत नाही. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये धातूचा मुलामा कमी असतो, आणि प्रियसचा संगणक चोखंदळ आहे. काही महिन्यांतच पी ०४२० परत आल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. म्हणून बिलावर “कोड परत आला तर मजुरीसकट” असं लिहून घ्या. तोंडी हमीला अर्थ नाही.

कन्व्हर्टर काढून तिथे सरळ पाइप घालणं किंवा मागच्या सेन्सरला स्पेसर लावून संगणकाला फसवणं, हे उपाय कोणी सुचवील. पहिला उघड बेकायदेशीर आहे, दुसराही त्याच कायद्याखाली छेडछाड ठरतो. शिवाय दोन्हीत बाहेर पडणारा धूर तुमच्याच मुलांच्या शाळेसमोर पडतो.

आणि जुना कन्व्हर्टर? मूळ टोयोटाचा कन्व्हर्टर निकामी असला तरी त्यातले धातू तसेच असतात आणि भंगारात त्याचे बऱ्याचदा काहीशे डॉलर येतात. पुष्कळ गॅरेजेस तो न बोलता ठेवून घेतात. भाव ठरवतानाच विचारा: जुना मला परत देणार, की त्याची रक्कम बिलातून वजा करणार? परत घेतलात तर दुरुस्तीचं बिल जपून ठेवा, विकताना मालकीचा पुरावा मागतात.

हात लावण्याआधी

स्वतः क्लॅम्प लावणाऱ्यांनी, आणि हायब्रिडवर क्वचितच काम करणाऱ्या सायलेन्सरवाल्यानंही, एक गोष्ट विसरू नये. रेडीचा दिवा लागलेला असेल तर इंजिन बंद असलं तरी गाडी चालू आहे. बॅटरी उतरली की इंजिन कोणालाही न विचारता सुरू होतं. तुम्ही तेव्हा खाली पाइपला हात लावून बसलेले असाल. पॉवर बंद करा, किल्ली घरात दूर ठेवा, मगच खाली जा. तळाला पुढून मागे जाणाऱ्या नारिंगी केबलमधून उच्च दाबाची वीज जाते. त्यांच्याजवळ कापाकापी नको, आणि वेल्डिंग करायचं तर १२ व्होल्टची बॅटरी सोडवलेली हवी. हायब्रिडचं काम न केलेला कारागीर मागेपुढे बघत असेल तर तो शहाणा आहे, दुसरीकडे जा.

उलट, आवाज ऐकण्यासाठी इंजिन सतत चालू ठेवायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इन्स्पेक्शन मोड असतो. ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दोनदा दाबायचं, मग एका मिनिटाच्या आत पार्कमध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्कमध्ये दोनदा दाबायचा आणि मग ब्रेक दाबून गाडी सुरू करायची. इंजिन बंद न होता फिरत राहतं. हे माहीत नसलेला मेकॅनिक गळती शोधण्यात तुमचा तासभर घालवतो, आणि तो तास बिलात येतो.

गळतीचं ठिकाण पुढे, म्हणजे केबिनखाली किंवा त्याच्याही पुढे असेल तर दुरुस्तीचा निर्णय उद्यावर ढकलू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडीत बसल्यावर डोकं दुखतं, मळमळतं आणि उतरल्यावर बरं वाटतं, अशी तक्रार घरात कोणी केली तर त्या दिवसापासून गाडी उभी करा. आणि गाडी शांत आहे म्हणून रेडी अवस्थेत घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये सोडून आत येऊ नका. ही सवय चांगल्या एक्झॉस्टच्या गाडीतही जीवघेणी आहे.

आता हिशेब

गाडी तपासून झाली, दोष कळला. आता तुम्हाला ती किती काळ हवी आहे ते स्वतःला स्पष्ट सांगा. “होईल तितकी चालवू” हे उत्तर नाही.

वर्षभरात काढायचीच असेल तर कन्व्हर्टर सोडून बाकी सगळं जोडकाम चालतं. क्लॅम्प, पट्टी, वेल्ड. सुंदर दिसण्याची गरज नाही. मागच्या मफलरची बारीक गळती फारसा धोका देत नाही, राज्याच्या तपासणीत अडत नसेल तर तसंच चालवा. कन्व्हर्टरच गेला असेल आणि राज्यात तपासणी असेल, तर तो बसवून मग विकण्यात पैसे सुटत नाहीत. दोष सांगून जशी आहे तशी विका. कॅलिफोर्नियात स्मॉग चेकमध्ये नापास झालेली गाडी भंगारात काढायला ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर पात्र मालकांना पैसे देतं, आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर दुरुस्तीलाही मदत करतं. हा अर्ज दुरुस्ती करण्याआधी करायचा असतो.

तीन-चार वर्षं हवी असेल, इंजिन तेल पीत नसेल, कूलंट उतरत नसेल आणि खालचा पत्रा शाबूत असेल, तर मान्यताप्राप्त आफ्टरमार्केट कन्व्हर्टर बसवा आणि निर्धास्त राहा. समजा सगळं मिळून १,८०० डॉलर झाले आणि गाडी तीस महिने चालली. महिन्याला ६० डॉलर पडले. नव्या गाडीचा हप्ता, वाढीव विमा आणि रजिस्ट्रेशन या रकमेशी बरोबरी करणारच नाहीत. विक्रीची किंमत २,००० डॉलर आहे की ३,०००, याचा या गणिताशी संबंध नाही.

मात्र त्या तीस महिन्यांत दुसरा खर्च येऊ शकतो, तो आधी धरा. मूळ हायब्रिड बॅटरी अजून बदललेली नसेल तर तिची वेळ जवळ आली आहे असं समजा. ब्लॉक्सच्या व्होल्टेजमधला फरक मोजून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत ब्रेकचा अॅक्च्युएटरही महाग पडतो. पेडल न दाबता पुढून पंपाचा आवाज वारंवार येत असेल तर तो इशारा आहे. बॅटरी, ब्रेक आणि हेड गास्केट यांपैकी एक संशयित असेल तर कन्व्हर्टर घालावा, पण स्वस्तातला. दोन संशयित असतील तर मी घालणार नाही. टोयोटाचा मूळ कन्व्हर्टर घेणं मला एकाच परिस्थितीत पटतं: बॅटरी नुकतीच बदलली आहे, इंजिन कोरडं आहे, गाडी पाच वर्षं तरी ठेवायची आहे आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहता.

मायदेशीच्या वाचकांसाठी एक टीप. पुण्या-मुंबईत २०१३ नंतरची कॅमरी हायब्रिड आता वयात आली आहे. तिथे रस्त्यावर मीठ नाही, पण स्पीडब्रेकरवर पाइप घासतो आणि पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यांतून गाडी जाते. पीयूसीला गेल्यावर इंजिन चालू आहे ना ते बघा. बंद इंजिनाच्या नळीत खुपसलेला प्रोब काय सांगणार? बाकी तेल आणि कूलंटची तपासणी तीच.

काम झाल्यावर कोड पुसला जातो आणि त्याबरोबर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते. लगेच तपासणीला गेलात तर दिवा बंद असूनही “रेडी नाही” म्हणून परत पाठवतात. कॅटॅलिस्टची चाचणी पूर्ण व्हायला थंड सुरुवात, शहरातलं थोडं फिरणं आणि हायवेवर काही वेळ एकसारखा वेग, असं दोन-चार दिवस चालवावं लागतं. ओबीडी रीडरवर कॅटॅलिस्टपुढे पूर्ण झाल्याची खूण आली की मगच जा. तपासणीचं स्टिकर संपायला दोन दिवस उरले असताना एक्झॉस्टचं काम काढू नका. मध्ये निदान एक आठवडा ठेवा, आणि त्या आठवड्यात १२ व्होल्टची बॅटरी सोडवू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.